शंभर शब्दांत

फर्मच्या नव्या पुस्तिकेसाठी
प्रत्येक वकिलाचा परिचय हवाय, शंभर शब्दांत,
बुधवारच्या आत.
बाकीच्यांनी आपापले पाठवले, फोटोसकट.
आर्डिस किव्हेला म्हणाल्या, तूच लिही,
एकोणीस वर्षं माझ्या फायली लावतेयस,
काय कुठे ठेवलंय ते तुलाच ठाऊक.

तर मी लिहिते:
जन्म डुलूथ, मिनेसोटा.
वडील बंदरावरच्या धान्यकोठारात मापाडी.
मग मापाडी खोडते. वडीलही खोडते.
पुस्तिकेतल्या वकिलांना वडील नसतात,
असले तर न्यायाधीश असतात.

कायद्याची पदवी सेंट पॉलला, रात्रीच्या वर्गांतून.
दिवसा त्या कोर्टात दुसऱ्यांच्या साक्षी टाइप करायच्या.
साक्षीदार गप्प झाला की
कागदावर काहीच उमटत नाही,
हे त्यांना तिथे कळलं.
म्हणून अजूनही उलटतपासणीत
एक प्रश्न टाकून त्या चष्मा पुसत राहतात.
समोरच्याला ती शांतता सोसत नाही,
न विचारलेलंही तो बोलून जातो.
हे कौशल्य कुठल्या सदरात घालू?

सनद एकोणनव्वद साली.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,
यांनी त्या पायऱ्या छत्तीस हिवाळे चढल्या,
बर्फावर मीठ पडायच्याही आधी,
एका हातात कठडा, दुसऱ्यात खोकं.
एकदा घसरून मनगट मोडलं,
त्या दिवशीची तारीख तरीही घेतली नाही पुढची.
हेही नको. पुढे.

महत्त्वाचे खटले:
कोठारातला स्फोट, चौऱ्याण्णव.
पक्षकार कंपनी.
मृत एक, रेमंड वुइतोविच, वय एकेचाळीस.
हवेत किती धूळ दाटली की ती
ठिणगीची वाट बघायला लागते,
हे पलीकडच्या तज्ज्ञाला तक्त्यातून ठाऊक होतं,
आर्डिसना वडिलांच्या कॉलरवरून.
दुपारभर त्यांनी त्याला सोलला.
ज्यूरी पावणेदोन तासांत परत आली.
निकाल आमच्या बाजूनं.

मी विचारलं, हा घालायचा ना पहिला?
त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला,
पाकीट काढलं.
पाकिटात कार्ड, कार्डावर चिकटपट्टीनं लावलेलं
पाव डॉलरचं नाणं.
निकालानंतर कॉरिडॉरमध्ये वुइतोविचबाई आल्या होत्या,
त्यांना वाटलं आता ही थुंकणार.
तर ती म्हणाली, सुटे आहेत का,
पार्किंगचं मीटर संपतंय.
यांनी दिलं एक नाणं.
आठवड्यानं ते टपालानं परत आलं.
सोबत फक्त सही, रोझान.

घालू? मी विचारलं.
कुठे घालशील, म्हणाल्या,
आणि खण बंद केला, पायानं.

मग मी लिहिलं जे लिहितात ते:
व्यापारी करार, विमा, अपघात,
राज्य व संघीय न्यायालये,
तीस वर्षांहून अधिक अनुभव,
बार असोसिएशनच्या दोन समित्या,
आवड: सरोवरावर मासेमारी.
मासेमारी त्या कधी करत नाहीत.
बर्फात भोक पाडून बसतात खऱ्या,
गळाला आमिष लावलेलं मी कधी पाहिलं नाही.

मसुदा दुपारी परत आला.
एक स्वल्पविराम हलवलेला,
मासेमारी तशीच,
आणि वर, जन्माच्या ओळीनंतर,
लाल शाईत, कोर्टातल्या त्या जुन्या
टंकलेखिकेच्या सुबक अक्षरात:
वडील मापाडी.

मोजले. एकशे दोन झाले.
ब्रूमसाहेब दोन शब्द काढायला सांगतील,
कुठले ते मला माहीत आहे.
मापात पाप नको म्हणून
मी दोन समित्यांपैकी एक उडवली,
आणि पाकीट बंद केलं.